निळी काच, जांभळी काच

रेल्वेतून रिटायर झाल्यावर ह्यांनी जुने कॅमेरे दुरुस्त करायला घेतले. हिंदी मुलखातल्या सोडाला वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत, खिडकीजवळच्या टेबलावर ते लेन्स उघडत. त्यांचे हात थरथरत, म्हणून काच पुसायचं काम माझ्याकडे आलं.

एकाच नावाच्या लेन्स दोन प्रकारच्या यायच्या. जुनी पितळी, जड. तिची नळी ओढून बाहेर काढायची, फोटो झाला की परत कॅमेऱ्यात ढकलायची. नंतरचीची नळी पक्की, ती आत जात नाही. पण उघडून काचा बाहेर काढल्या की दोन्ही सारख्याच दिसतात. जुनीच्या आतल्या काचेवरचा लेप मऊ असतो, उजेड त्यावर निळा पडतो. तिला कापड लावायचं नाही. द्रावणाचे थेंब सोडायचे आणि रबरी फुग्याने वारा घालून सुकवायची. नंतरचीचा लेप कडक, उजेड जांभळा. ती मलमलने पुसली तरी चालते. हे मला कोणी शिकवलं नाही. एकदा निळ्या काचेवर मी फडकं फिरवलं, ओरखडा उठला आणि ह्यांनी माझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. तेव्हापासून विसरले नाही.

गेल्या हिवाळ्यात सी-स्कीम या बड्या वस्तीतल्या एका साहेबांनी दोन्ही प्रकारची एकेक लेन्स आणून दिली. आतून धुरकट झाल्या होत्या. ह्यांनी दोन्हींच्या काचा दोन वाट्यांत काढल्या आणि चहा प्यायला उठले. परत आल्यावर कुठली वाटी कुठलीची, हे त्यांना आठवेना. तसं ते कबूल करणार नव्हते. एक वाटी माझ्यापुढे सरकवली.

"ही नंतरची. पूस."

मी काच खिडकीकडे धरली. निळी होती.

"अहो, ही जुनी वाटते."

"वाटते? चौथी पास बाई मला सांगणार?" कानशिलात बसली. "पूस म्हटलं ना!"

मी पुसली. पुसताना कळत होतं की मी ती खराब करतेय. उजेडात धरली तर काचेवर बारीक रेघांचं जाळं उठलं होतं.

ह्यांनी ते पाहिलं. माझा उजवा हात धरला, टेबलाच्या उघड्या खणात कोंबला आणि गुडघ्याने खण बंद केला. मग पुन्हा एकदा. आवाज आधी ऐकू आला, दुखणं मागून आलं.

तेवढ्यात साहेबच दारात. मी हात पदरात गुंडाळला. पदर लाल होत होता.

"साहब, औरत ने बिगाड़ दिया," हे म्हणाले. "अनपढ़ है."

साहेबांनी काच उजेडात फिरवली. "यह तो पुराने वाले की है. इस पर कपड़ा किसने लगवाया? भाभीजी?"

ह्यांचा अंगठा माझ्या पाठीत रुतला होता. परक्या माणसापुढे माझं तोंड असंही उघडत नाही.

"मैंने," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्या पदराकडे पाहिलं, काचा, नळ्या सगळं पिशवीत भरलं. "घर का मामला घर में निपटाइए," म्हणाले आणि जिना उतरले.

ह्यांनी दार लावलं. माझ्या पोटात लाथ घातली. मी टेबल धरून उभी राहिले, तर त्यांनी खण पुन्हा उघडला.

"आता दुसरा हात आण."

डाव्या हाताशी लोखंडी पक्कड होती. ती मी त्यांच्या कपाळावर हाणली. ते खाली बसले. रक्त डोळ्यांत उतरलं तेव्हा मी पुन्हा हाणली.

आम्ही एकाच ऑटोतून दवाखान्यात गेलो. वाटेत ते कण्हत म्हणाले, "जिन्यावरून पडलो म्हणायचं. कळलं?"

तिथे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कैसे हुआ?"

"दोनों सीढ़ी से गिरे," हे म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी एकदा मी खोटं बोलले होते.

"नहीं," मी म्हणाले. "मेरी उँगलियाँ इन्होंने तोड़ीं. इनका सिर मैंने फोड़ा. और काँच पुराने वाले की थी, मैंने बताया था."

बाईंना काचेचं काही कळलं नाही. तरी त्यांनी सगळं लिहून घेतलं.