जर्मन अक्कांचा ब्रेडवाला

रविवार, ९ जुलै १९९५. रक्कम सहा हजार रुपये, म्हणजे चार घरांचे प्रत्येकी दीड हजार. हजर माणसं सहा: जर्मन अक्का, शेजारचे नंजुंडप्पा, सबनीस आणि सुमतीवहिनी, मी आणि माझी पत्नी. जुना पण चालू स्थितीतला व्हीसीआर घ्यायचा आणि तो अक्कांच्या हॉलमध्ये ठेवायचा, असं त्या दिवशी ठरलं. मी कारखान्यात ऑडिटर, म्हणून सवयीने पैसे मोजून पावती लिहायला घेतली, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "ऑडिटर, पावती मागनं. आधी माझी अट ऐका. पडद्यावरचा माणूस बोलेल तेच मी मराठीत सांगणार. पदरचा एक शब्द घालणार नाही, त्याचा एक गाळणार नाही. शिवी आली तर शिवी सांगणार. चालत नसेल त्यांनी आत्ताच उठावं."

कोणी उठलं नाही. नंजुंडप्पांनी तर खुर्ची अर्धा हात पुढे ओढली.

अक्का बंगळूरच्याच. आजोबांच्या काळात त्यांचं घराणं इथे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'जरा'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' असे कन्नड शब्द मिठासारखे मिसळलेले असायचे. यजमान संशोधन संस्थेत होते. संस्थेने त्यांना तीन वर्षं जर्मनीला पाठवलं, तेव्हा अक्का तिथल्या दुकानात भाजी घेता घेता जर्मन शिकल्या. यजमान गेल्यावर त्या आमच्या कारखान्यातल्या इंजिनियरांना घरीच जर्मन शिकवत. केआर पुरमजवळच्या आमच्या कॉलनीत त्यांना नावाने कोणी ओळखत नव्हतं. कोथिंबीरवालासुद्धा फाटकातून "जर्मन अक्का!" अशीच हाळी द्यायचा. उंची पाच फुटांच्या आत, कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा की रिमोटची गरज फक्त पडद्यावरच्या माणसांना गप्प करण्यासाठी. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण शनिवारी संध्याकाळी पाच वाजले की मला अजूनही खुर्ची घेऊन कुठेतरी जायचंय असं वाटतं.

शनिवारी पाचला खेळ असायचा. त्याची तयारी गुरुवारपासून. त्या दिवशी अक्का बसने शहरातल्या जर्मन वाचनालयात जाऊन कॅसेट आणत. अमेरिकेहून कोणी कॅसेट आणली तर आमच्या व्हीसीआरवर नुसत्या रेघा दिसत, पण जर्मन कॅसेट स्वच्छ दिसे, कारण त्यांची आणि आपली टीव्हीची पद्धत एकच. शुक्रवारी दार लावून, शब्दकोश मांडीवर घेऊन त्या ती पूर्ण बघत. "न वाचता कीर्तनाला उभं राहणाऱ्यातली मी नाही," असं त्या म्हणत.

मालिका पोलिसांची होती. त्यातला मुख्य अधिकारी कमिसार. थकलेल्या डोळ्यांचा, कमी बोलणारा, सतत कोट चढवणारा आणि उतरवणारा माणूस. खुनी कोण ते बहुतेक वेळा अर्ध्या तासातच कळून जाई. नंजुंडप्पा पहिल्या शनिवारी वैतागले, "एन अक्का, चोर आत्ताच दाखवला! आता काय बघायचं?"

"खून कोणी केला ते पोलीस बघतील. झोप कोणाची उडाली ते तुम्ही बघा," अक्का म्हणाल्या. आणि खरंच, दुसऱ्या शनिवारपासून आम्ही तेच बघू लागलो.

त्यांचं भाषांतर ऐकण्यासारखं असे. टीव्हीच्या डाव्या हाताला स्टुलावर बसून त्या आधी मराठीत आणि लगेच नंजुंडप्पांसाठी कन्नडात बोलत. म्हातारीचा आवाज म्हातारीसारखा, वकिलाचा नाकातून. आपण मध्ये काही विचारलं की कॅसेट थांबवून म्हणत, "स्वल्प थांबा. जर्मन माणसाचं वाक्य संपेपर्यंत त्याने मारलं की वाचवलं ते कळत नाही." एकदा मी हरकत घेतली की तो माणूस एवढं लांबलचक बोलला आणि तुम्ही एकच शब्द सांगितलात. "ऑडिटर, तो सभ्यपणे नकार देत होता. मराठीत 'नाही' पुरतं!" हॉल हसला. मीही हसलो, पण तपासणी सोडली नाही. त्यांच्याकडे मी सहा महिने जर्मन शिकलो होतो. त्या कधी चुकल्या नाहीत.

मग ब्रेडवाल्याची गोष्ट सुरू झाली. चार कॅसेटची एकच गोष्ट. एका लहान गावातल्या बेकरीवाल्याची मुलगी मोटारीखाली सापडते. मोटारवाला श्रीमंत, त्याचा वकील हुशार. तो निर्दोष सुटतो आणि सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच बेकरीत पाव घ्यायला येतो! पहिली कॅसेट इथे संपली. आम्ही सगळे उभे. माझी पत्नी, जी झुरळही मारू देत नाही, ती म्हणाली, "त्याला भट्टीत घाला!" तो आठवडा कॉलनीत दुसरा विषय नव्हता. शनिवारी घरोघरी स्वयंपाक साडेचारलाच उरकू लागला. दुसऱ्या कॅसेटमध्ये ब्रेडवाला त्या माणसाच्या मागावर निघाला आणि नंजुंडप्पा मांडीवर थापा मारून ओरडले, "बिडबेडा! सोडू नको त्याला!" आम्हीही ओरडलो. हॉलमध्ये नुसता जल्लोष.

त्या जल्लोषात एक माणूस ओरडत नव्हता. सबनीस. ते माझ्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. दीड वर्षापूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा स्कूटरवरून येताना रेल्वे पुलाजवळ टँकरखाली गेला. साक्षीदार नाहीत, मुलगाच आडवा आला असं चालकाने सांगितलं आणि तो सुटला. स्कूटरचा ब्रेक सैल आहे, असं मुलाने आठवडाभर आधी वडिलांना सांगितलं होतं. सबनीस म्हणाले होते, रविवारी बघू. सुमतीवहिनी त्यावरून त्यांना कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत आणि तेच त्यांना जास्त लागत होतं. माणूस घरात भिंतीकडे तोंड करून बसायचा, म्हणून वहिनींनी त्यांना या खेळाला ओढून आणलं होतं. आणि आता तेच सबनीस पुढे वाकून, लखलखत्या डोळ्यांनी विचारत होते, "अक्का, त्याने त्या माणसाचा पत्ता कसा काढला? परत लावा तो भाग."

तिसऱ्या कॅसेटनंतरच्या सोमवारी कारखान्याच्या बसमध्ये ते माझ्या कानाशी आले. किती दिवसांनी आवाजात जीव होता! "सापडला. देवनहळ्ळीच्या पुढे वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवतो. येत्या रविवारी जाणार."

"जाऊन काय करणार?" मी विचारलं.

"शनिवारी शेवट बघतो, मग ठरवतो," ते म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी अक्कांकडे गेलो आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. अक्का त्या वेळी गवार मोडत होत्या. हात थांबले. "शेवट मी अजून बघितला नाही," त्या म्हणाल्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला खिडकीतून हाक मारली. "बघितला. ब्रेडवाला त्याला मारतो आणि कमिसार सगळं कळूनही त्याला सोडून देतो. फार सुंदर शेवट आहे. आपल्या हॉलमध्ये लावायच्या लायकीचा नाही."

"मग लावू नका. कॅसेट बिघडली म्हणून सांगा," मी म्हटलं.

"तो माणूस वाट बघतोय, ऑडिटर. दार बंद दिसलं तर तो उद्याच जाईल."

शनिवारी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. शेवटचा प्रसंग आला. बेकरीत कमिसार एकटाच येतो. त्याच्या खिशात पुरावा आहे, ब्रेडवाल्याच्या हातांना पीठ आहे. कमिसार एक पाव घेतो, नोट ठेवतो, दोनच शब्द बोलतो आणि दाराकडे वळतो. आणि अक्का बोलू लागल्या.

"कमिसार म्हणतो, ब्रेडवाल्या, तू त्याला मारलंस म्हणून पोरगी परत आली नाही. आता रोज पहाटे पीठ मळताना तुझ्यासमोर दोन जण उभे राहतील, एक तुझी आणि एक परका. पोरीशी बोलायला जाशील तर तो मध्ये येईल. तू तिला दुसऱ्यांदा घालवलंस..."

पडद्यावर कमिसार रस्ता ओलांडून पलीकडे पोचलासुद्धा होता. अक्का बोलतच होत्या. आवाज कमिसारचा नव्हता, कोणाचाच नव्हता.

"अक्का," सबनीस शांतपणे म्हणाले, "त्याचं तोंड केव्हाच मिटलंय."

अक्कांनी कॅसेट थांबवली. नंजुंडप्पांना कन्नडात सांगायचंही त्या विसरल्या होत्या.

"खरं काय म्हणाला तो?"

"उरलेले ठेवा. एवढंच."

"म्हणजे सोडलं त्याला."

"सोडलं." अक्का स्टुलावरून उठल्या आणि आजवर ज्या सबनीसांना अहो-जाहो करत होत्या, त्यांना म्हणाल्या, "वसंता, नाटकातल्या माणसाला सोडायला काय जातं रे? खेळ संपला की मारणारा, मेलेला, सगळे कॉफी प्यायला जातात. तू उद्या काही करून बसलास तर या सुमतीला मी ते कुठल्या भाषेत सांगू?"

सुमतीवहिनींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. सबनीस म्हणाले, "मला जायचंच आहे."

"सरी. जा. पण तुझी कन्नड स्वल्प, त्याची मराठी शून्य. दुभाषी लागेल. मी येते. ऑडिटर, तुम्हीही चला."

रविवारी आम्ही तिघे हेब्बाळला बस बदलून देवनहळ्ळीला पोचलो. जाताना ज्याने त्याने आपापलं तिकीट काढलं. सबनीसांच्या हातात एक कापडी पिशवी होती. अक्कांनी बसमध्येच ती मागून घेतली, आत न बघता स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि परत दिली नाही. तिथल्या किल्ल्यापासून पुढे भट्टीपर्यंत चालत गेलो. अक्का कॅनव्हासच्या बुटांत आमच्या पुढे.

टँकरवाला म्हणजे तिशीच्या आतला, वाळलेला माणूस निघाला. ट्रॅक्टरमधून विटा उतरवत होता.

"त्याला सांगा, मी त्या स्कूटरवरच्या मुलाचा बाप," सबनीस म्हणाले. अक्कांनी सांगितलं. त्याच्या हातातली वीट खाली आली.

अक्का आमच्याकडे वळल्या. "विचारतोय, मारायला आलात का?"

"म्हणावं, हो. त्यासाठीच निघालो होतो."

मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी एक अक्षर न बदलता तेच कन्नडात सांगितलं. तो माणूस पळाला नाही. विटांच्या थरावर बसला.

सबनीस एक पाऊल पुढे आले. "त्याला विचारा... विचारा की माझ्या मुलाचा ब्रेक लागला नाही का? मला एवढंच कळायला हवं."

अक्कांनी विचारलं. तो खाली मान घालून हळूहळू बोलू लागला. सलग दोन पाळ्या झाल्या होत्या. पोरगा बाजूनेच चालला होता, नीट चालला होता. आडवा आला हे वकिलाने पढवलं. मग तो म्हणाला, "नंगे निद्दे बंद्बिट्टित्तु."

अक्कांनी तोंड उघडलं, पण सबनीसांनी हात वर केला. "नको अक्का. कळलं. डोळा लागला होता त्याचा."

एवढं म्हणून ते त्याच विटांवर, त्याच्यापासून हातभर अंतरावर, बसले आणि रडले. मुलगा गेला तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. तो माणूस उठून पाणी घेऊन आला. सबनीसांनी तांब्याकडे बघितलं, घेतला नाही. बाजूला ठेवायला सांगितला. क्षमा वगैरे कोणी केली नाही, कोणी मागितलीही नाही. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "अक्का, त्याला सांगा, हे माझ्या बायकोसमोर बोल. माझ्या घरी येऊन. आज."

तो घाबरला. कोण कोण असेल, पोलीस असतील का, असं विचारू लागला. अक्का म्हणाल्या, "मी असेन. तू बोलशील तेच सांगेन. पदरचा एक शब्द घालणार नाही." त्याने मुकादमाला काहीतरी सांगितलं, अंगात शर्ट घातला आणि आमच्या मागे चालू लागला.

बसमध्ये तो पायरीपाशी उभा राहिला आणि खिशातल्या चिल्लरीत बोटं घालू लागला. मीही सवयीने माझ्या तिकिटाचे सुटे पैसे काढले. अक्कांनी माझा हात खाली दाबला. कंडक्टरने सबनीसांसमोर थांबून किती म्हणून विचारलं. सबनीस स्वतःच्या मोडक्या कन्नडात म्हणाले, "नाल्कु." सहा रुपयांप्रमाणे चार तिकिटांचे चोवीस रुपये त्यांनी कंडक्टरच्या हातावर ठेवले.