शेवटची बस

ओवा भाजायला घेतला की अजूनही माझं डोकं फिरतं. भूमध्य समुद्रातल्या त्या बेटावर डोंगरभर रानझुडपांचा असाच वास होता. कंपनीने कामासाठी पाठवलं होतं आणि रविवारी मी नि आमचे मॅनेजर तिथल्या सरकारी बसने डोंगर चढायला गेलो. शेवटची बस पाचला, हे मी दोनदा बजावलं होतं. उतरताना त्यांना क्लायंटचा फोन आला. "अगं, दोनच मिनिटं," म्हणत महाशय दगडावर बसले. खालच्या रस्त्याने बस निघून गेली, तरी यांचं बोलणं चालूच! वर मलाच म्हणाले, "वेळेकडे तुझं लक्ष नको का?" मी तीन तास त्यांच्या मागून चालले. हिंजवडीच्या ऑफिसात परतल्यावर त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, "आम्ही मुद्दामच बस सोडली, चालत आलो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि आज राग येतो तो त्याचाच.