मी कॅमेरा रिसेट केला आणि अख्खी गल्ली रस्त्यावर आली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट सांगताना मधे कुणी हसलं की मी अडखळतो. आणि मी अडखळलो की आमची ही आतून येऊन उरलेली गोष्ट स्वतः सांगते. तिच्या तोंडून ती फारच वाईट वाटते, म्हणून म्हटलं आपणच सांगून मोकळं व्हावं.

मी लातुरात राहतो, हे तुम्हाला माहीत आहे. अहमदपूरच्या शाळेत बीजगणित शिकवलं, निवृत्त झालो आणि इथं येऊन घर बांधलं. आमच्या गल्लीत एक घर असं नाही जिथं पाटी नाही. रूम मिळेल, मेस आहे, अभ्यासिका आहे. नीटची तयारी करणारी पोरं इतकी, की संध्याकाळी दूध आणायला निघालो तर चार जण तरी मला माइटोकॉन्ड्रिया विचारतात. मी बीजगणिताचा माणूस, पण सांगणार कुणाला?

माझ्याही घरावर एक खोली आहे. तिच्यावर मी स्लॅब टाकू दिला नाही. मी त्र्याण्णवचा भूकंप पाहिलेला माणूस आहे. मिस्त्री बोलला, इंजिनिअर बोलला, सासरे बोलले, पण मी पत्र्यावर अडून बसलो. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतो, हे माझं म्हणणं. उन्हाळ्यात पत्रा तापतो हे मला मान्य होतं. पण त्या खोलीत मी कुठं राहणार होतो?

तिथं राहायला आली शीतल. जळकोटकडच्या एका खेड्यातली पोरगी, नीट रिपीट करत होती. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं होतं. तिला सोडायला वडील आले, बाबूराव. धिप्पाड माणूस, बोलणं मोजकं.

"सर, तुमच्या जिवावर ठिवून चाललोय," ते म्हणाले. "लग्नासाठी एक जागा चांगली सांगून आलीय तिला. पण पोरगी म्हनली, अजून एक साल द्या. दिलं. आता तिचं काही वाकडंतिकडं कानावर आलं, तर मी तिला त्याच दिवशी घिऊन जानार. मग शाळा बी न्हाई अन् डागदरी बी न्हाई."

"तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो. "माझं लक्ष असतं."

लक्ष असतं म्हणजे काय, याची माझी कल्पना जरा मोठी होती. पुढच्याच आठवड्यात मी पोर्चच्या खांबावर कॅमेरा बसवून घेतला. इम्रानभाई म्हणून कॅमेरेवाले आहेत, त्यांनी बसवला. बसवताना ते काहीतरी समजावून सांगत होते, पण मी त्यांनी भिंतीला पाडलेल्या भोकावरून त्यांच्याशी वाद घालण्यात गुंतलो होतो. काय सांगत होते, ते मला पुढं कळलं.

कॅमेरा आल्यापासून माझा दिवस कसा भरून गेला. दूधवाला फाटकात किती वेळ थांबतो, समोरच्या मेसचा माणूस आमच्या गटाराकडं का बघतो, सगळं दिसायला लागलं. आणि जितकं दिसायला लागलं तितका माझा संशय वाढत गेला. आधी मला दोनच माणसांचा संशय होता, आता सगळ्या गल्लीचा यायला लागला.

मग एक दिवस लक्षात आलं, की कॅमेरा रोज दुपारी बंद पडतो. मी जेवून आडवा झालो की साधारण पावणेदोनला मोबाइलवर येतं, कॅमेरा ऑफलाइन. आणि मी उठायच्या आत, चारच्या सुमाराला, परत सुरू. रविवारी सुद्धा. आता वीज जाते ती अशी घड्याळ लावून जाते का? हे माणसाचं काम होतं.

आणि त्या वेळेला घरात असतं कोण? मी झोपलेला. ही मागच्या खोलीत पडलेली. उरली कोण?

मी इम्रानभाईंना फोन लावला.

"रिस्टार्ट करके देखो ना काका."

"केलं. प्लग काढून लावला. दुसऱ्या दिवशी परत तेच."

"तो फिर रिसेट करना पडेगा. पाठीमागं बारीक भोक हाय, त्यात पिन घालून दहा पंधरा सेकंद दाबायचं."

"रिस्टार्ट आणि रिसेटमध्ये फरक काय?"

"रिस्टार्ट म्हंजे झोपलेल्याला उठवायचं, काका. रिसेट म्हंजे त्याला परत जन्माला घालायचं. मागचं त्याला काय बी आठवत न्हाई."

ठरलं. ज्या वेळेला गुन्हा घडतो, त्याच वेळेला रिसेट करायचं. त्या दुपारी मी जेवलो, पण आडवा झालो नाही.

"झोपा की जरा," ही म्हणाली.

"झोप नाही."

"रोज तर येते."

"आज नाही."

ती दोनदा बाहेर येऊन माझ्याकडं बघून गेली. मला खरं सांगा, बायको नवऱ्याला झोपायचा इतका आग्रह का करेल? मला तिचाही संशय आला. मग ती मागच्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली.

मी पाय न वाजवता जिना चढून वर गेलो. शीतलच्या खोलीला कुलूप. क्लास सकाळी असतो, दुपार अभ्यासाची, आणि खोलीला कुलूप. माझं डोकं फिरलं. पोरीच्या बापानं माझ्या जिवावर ठेवलेली पोरगी, आणि ती माझाच कॅमेरा बंद करून बाहेर जाते? खाली येऊन मी पहिलं काय केलं असेल, तर बाबूरावांना फोन.

"तुम्ही जरा येऊन जा," मी म्हणालो.

"काय झालं?"

"फोनवर नको. पुरावा आहे माझ्याकडं. रेकॉर्डिंग दाखवतो."

ते म्हणाले, "निघालो," आणि फोन ठेवला.

आता पुरावा तयार करणं भाग होतं. स्टुलावर चढलो, हिच्या साडीची सेफ्टी पिन घेऊन भोकात दाबली आणि पंधरा अंक मोजले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. मग मोबाइलवरचा तो चौकोनी ठिपक्यांचा कोड त्याला दाखवला, मुंज झालेल्या बटूला सूर्य दाखवतात तसा. तो काहीतरी इंग्रजीत बोलला. मी आत येऊन दिवाणावर बसलो आणि मोबाइलवर चित्र यायची वाट बघायला लागलो.

चित्र आलं. आमचं फाटक, माझी स्कूटर, समोरचा नारळ.

आणि तेवढ्यात फाटक हलायला लागलं.

फाटक डावीकडं सरकलं, मग उजवीकडं. स्कूटर गेली आणि परत आली. नारळ आडवा झाला. मग समोरच्या अभ्यासिकेची तीन मजली इमारत वर उचलली गेली आणि खाली आली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही म्हणाल, अहो, तुम्ही बसला होता तो दिवाण हलत होता का? एवढा विचार करायला आपल्याकडच्या माणसाचे पाय थांबतात का? ज्यानं एकदा ते पाहिलंय त्याचे पाय डोक्याला विचारत नाहीत.

मी पळालो. बनियन आणि लेंग्यावर, हातात मोबाइल घट्ट धरून, सरळ फाटकाबाहेर. आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "भूकंप झालाय, बाहेर या!"

दोन सेकंदांनी माझ्या मागून, आमच्या घरातूनच, माझ्याहून दुप्पट मोठा आवाज आला: "भूकंप झालाय, बाहेर या!"

माझा अंगठा मोबाइलवरच्या माइकच्या चित्रावर दाबला गेला होता आणि कॅमेऱ्याचा भोंगा रिसेटनं पूर्ण वर गेला होता, हे मला तेव्हा कुठलं कळायला? मला वाटलं, आणखी कुणाला तरी जाणवलंय. म्हणजे नक्की आहे. मी आणखी जोरात ओरडलो. तोही ओरडला.

मग गल्ली बाहेर आली. तीन मजल्यांच्या अभ्यासिकेत टेस्ट चालू होती, तिथली सगळी पोरं उत्तरपत्रिकेसकट जिन्यावरून खाली. त्यांच्या मागं त्यांचे सर, "पेपर आत ठेवून पळा" म्हणून ओरडत. मेसमधला आचारी हातात लाटणं घेऊन. पोरं तशी हसतखेळत होती, त्यांच्या जन्माआधीची ती गोष्ट. पण शेजारचे गोविंदराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर, अनवाणी बाहेर आले, बायकोचं मनगट धरून. तिला त्यांनी रस्त्याच्या मधे बसवलं, स्वतः खाली बसले आणि तळहात डांबरावर टेकला. त्यांचं गाव त्या भूकंपात गेलं.

"थांबलं वाटतं, सर," ते मला म्हणाले.

तेवढ्यात टेस्टमधली एक मुलगी पुढं आली. "सर, कुठं हाललं? आमाला तर कायच जाणवलं न्हाई."

"हे बघ ना," म्हणून मी मोबाइल पुढं केला. चित्रात मीच होतो, बनियनमध्ये. मी डावीकडं सरकलो, तर चित्रही डावीकडं सरकलं.

पोरीनं मोबाइल बघितला, मग आमच्या खांबाकडं. "सर," ती हळूच म्हणाली, "घर न्हाई हालायलं. कॅमेरा मान फिरवायलाय."

इम्रानभाई कॅमेरा बसवताना हेच सांगत होते. हा फिरता कॅमेरा आहे, नव्यानं सुरू झाला की आधी चारी बाजूंना मान फिरवून घेतो, आणि मग जो हलेल त्याच्या मागं बघत राहतो. गोविंदराव उठले, बायकोला उठवलं. तिच्या साडीची धूळ झटकली आणि तिला घेऊन आत गेले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, मला इतकी लाज वाटली.

आणि मग मला आठवलं, की आपल्याला बायको आहे.

मी वळून पाहिलं. पोर्चमधून ही येत होती, दुखऱ्या गुडघ्यानं एक एक पाऊल टाकत. तिला कमरेला हात घालून धरून आणत होती शीतल. एका काखेत फिजिक्सचं पुस्तक, एका काखेत आमची ही.

"शीतल, तू कुठं होतीस?" मी विचारलं.

तिनं हिच्याकडं पाहिलं. ही म्हणाली, "माझ्या खोलीत होती. रोजच असते."

"रोज?"

"वर बसून बघा एकदा दुपारचं. पत्र्याखाली लेकराचं डोकं भाजून निघायलंय. मी तिला खाली कूलरपाशी बसवते. भाडेकरूनं खालच्या घरात यायचं नाही, हा तुमचा कायदा. म्हणून तुम्ही झोपल्यावर. आणि कूलरला जागा लागते म्हणून तुमच्या त्या कॅमेऱ्याचा प्लग काढते. तुम्ही उठायच्या आत लावते. आज तुम्ही जागेच, म्हणून तिला मागच्या दारानं आत घेतलं आणि कूलर लावलाच नाही."

रोज दुपारी झोपेत घरघर ऐकू यायची, मला वाटायचं शेजारची पिठाची गिरणी आहे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बाबूराव निघाले होते. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. एसटीत बसलेला माणूस, त्यात संतापलेला. शीतलला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, नुसती पांढरी पडली. "आबा येऊन घिऊनच जातेत मला, काका," ती म्हणाली. "ते बोललेलं मोडत न्हाईत." परीक्षा दीड महिन्यावर होती.

बाबूराव आले. पाणी घेतलं नाही, बसलेही नाहीत.

"शीतल, सामान भर."

"बाबूराव, गैरसमज झाला," मी म्हणालो. "पोरीची काही चूक नाही. ती आमच्याच घरात होती."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. हा संशय मला चांगला ओळखीचा होता, सगळा महिना मी तोच करत होतो. "सर, दुपारी पुरावा हाय म्हनलाव. आता काही न्हाई म्हनायलाव. तुमी पोरीला पाठीशी घालायलाव."

"तसं नाही हो."

ही म्हणाली, "भाऊ, माझ्याजवळ होती ती." तेही त्यांना पटलं नाही. "तुमी बी मायाळू माणूस, वहिनी. रेकॉर्डिंग हाय न्हवं? ते दावा. त्याच्यात असंल ते खरं."

आता बघा माझी अवस्था. पोरगी दुपारी कुठं होती याचा पुरावा एकच, आणि त्याच पुराव्यात मी. दाखवला नाही तर पोरीचं वर्ष जातं, नव्हे, पोरगीच जाते. दाखवला तर माझं काय उरतं? मी शीतलकडं बघितलं. ती बॅगेची चेन लावत होती.

मी मोबाइल पुढं केला.

बाबूरावांनी चष्मा लावला. पडद्यावर आधी आमचं दार. दारातून मी बाहेर येतो, लेंगा एका हातानं धरून, मागं न बघता. कॅमेऱ्यानं इमानदारीनं मान फिरवून मला फाटकापर्यंत, फाटकाबाहेर, पार रस्त्यापर्यंत पोचवलं. मग जरा वेळ मीच ओरडतो, मीच ऐकतो. त्यानंतर कॅमेरा परत दाराकडं वळला. तिथून शीतल निघते, हिला धरून. पायरीवर थांबते, खाली वाकून हिच्या पायात चप्पल सरकवते, आणि मग दोघी हळूहळू चालत येतात.

बाबूरावांनी पाहिलं. मग म्हणाले, "सर, परत एकदा दावा."

मी परत दाखवला. त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसले. हिनं पुढं केलेलं पाणी सगळं प्यायले.

"शीतल, बॅग ठिव. तू हितंच ऱ्हा. वहिनी हायेत तोवर मला घोर न्हाई." मग माझ्याकडं अंगठा करून, मी तिथं बसलेलोच नाही अशा आवाजात ते म्हणाले, "अन् सरांवर ध्यान ठिव जरा. दर रविवारी मला फोन करून सांगत जा, कसं वागायलेत ते."

आणि पोरगी सांगते. दर रविवारी, माझ्यासमोर बसून.