उजव्या हाताविरुद्धची तक्रार

तक्रारदार: तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली बसणारा अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण सातवी, राहणार मौजे वरवट बकाल, तालुका संग्रामपूर. नाव मुद्दाम लिहिलेले नाही. अक्षरावरून ओळखणारे ओळखतील.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो: तक्रारदाराचा स्वतःचा उजवा हात.

घटनेची तारीख: पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढचे आठ दिवस.

साक्षीदार: पहिली, कचेरीसमोरच्या संगणकाच्या दुकानाची चालक बाई. दुसरी, तक्रारदाराची पत्नी. तिसरा, कचेरीचा शिपाई, ज्याची साक्ष भरवशाची नाही, परंतु टाळताही येत नाही.

हकिकत येणेप्रमाणे.

त्या वर्षी कचेरीत चौकोनांचा नवीन छापील नमुना आला आणि त्यातला मजकूर टाइप केलेलाच पाहिजे असा फलक लागला. समोरच्या दुकानातल्या बाईने तो कोरा नमुना संगणकाच्या पडद्यावर उतरवून घेतला. वडनेर भोलजीच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली ही लेक, आमच्या गावी सून म्हणून आलेली, वागायला नम्र आणि कामाला चोख. तिने मला बोलावणे पाठवले. मी गेलो. माझ्यावाचून ते काम होणार नाही हे तिला कळले, याचे मला समाधान वाटले हे नाकारण्यात अर्थ नाही.

ती म्हणाली, "काका, चौकोन तं मले दिसतात. पण कोन्त्यात काय बसते, कुठून सुरू करा लागते, थे तुमालेच ठाऊक. तुमी फक्त बाण तिथं नेऊन ठेवा. मी आकडे लिहून घेतो."

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन आकडे होते. माऊस हलवला की पडद्यावरचा बाण हले आणि बाण हलला की आकडे बदलत. मी विचारले, हे कशाचे मोजमाप. तिने शेताचाच दाखला दिला. "वरचा डावा कोपरा म्हन्जे हद्दीचा दगड समजा. तिथं दोनी आकडे शून्य. पहिला आकडा उजवीकडं किती गेले त्याचा, दुसरा खाली किती आले त्याचा. बाण जिथं असन तिथली मोजणी हे सांगते." मोजणीच्या तक्रारी लिहिण्यात माझी हयात गेली आहे. मला ते एका दमात समजले. प्रत्येक चौकोनाची जागा अशी मोजून यंत्राला सांगितली, की पुढे अर्जदाराचे नाव, गाव, गट क्रमांक बरोबर आपापल्या चौकोनात छापले जाणार होते.

मी खुर्चीवर बसलो. टेबल तिच्या सासऱ्यांच्या जुन्या दुकानातले. त्यावर जाड काच, आणि काचेखाली देवाची तसबीर, दोन लग्नपत्रिका व एसटीचे वेळापत्रक दाबलेले. मी माऊस हातात घेतला, बाण 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' या चौकोनाच्या आरंभी आणून ठेवला आणि हात स्थिर केला.

आकडे स्थिर झाले नाहीत. एकशे बारा, एकशे पंधरा, एकशे अकरा, पुन्हा एकशे बारा. मी श्वास रोखला. आकडे तरीही थरथरतच राहिले.

बाई पेन्सिल धरून थांबली होती. ती म्हणाली, "काका, तुमचा कर्सर हलून राह्यला."

तो शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला, आणि मला 'कसर' असे ऐकू आले. अंगात कसर म्हणजे बारीक ताप. कामात कसर म्हणजे उणीव. मला वाटले, यंत्राने माझ्यातली उणीव शोधून आकड्यांत मांडली. दारात चहाची किटली घेऊन शिपाई उभा होता. तो म्हणाला, "काऊन हो अर्जनवीस साहेब, हात कापून राह्यला का? बुवाचाबी असाच कापे."

बुवा म्हणजे माझे वडील. नव्या महाराष्ट्राचे शिक्के कचेरीत आले त्या काळापासून ते त्याच कडुनिंबाखाली अर्ज लिहीत. माझ्या आजच्या वयाचे असताना त्यांचा उजवा हात कापू लागला. प्रथम त्यांनी तो लपवला. मग मोठे अर्ज घेणे सोडले. शेवटी त्यांचा एक अर्ज 'अर्जनवीसाची सही जुळत नाही' असा शेरा मारून परत आला. त्या दिवशी त्यांनी दौत, टाक आणि लिहिण्याची फळी माझ्या हवाली केली आणि पुन्हा कचेरीची पायरी चढले नाहीत. अर्जनवीसाचा हात गेला म्हणजे माणूस जिवंत असूनही त्याची जागा मोकळी होते, हे मी तेव्हा पाहिले होते.

बाईला मी सांगितले की चष्म्याचा नंबर बदलला आहे, काम पुढे पाहू. आणि उठलो.

पुढचे आठ दिवस मी माझ्याच हातावर पाळत ठेवली. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला धरून पाहिला. सुईत दोरा ओवून पाहिला. तो पहिल्या खेपेस ओवला गेला, पण त्याने माझे समाधान झाले नाही, कारण सुई काही आकडे दाखवत नाही. पत्नी हे सर्व पाहत होती. तिने विचारले, "काऊन, आता शिवणकाम शिकून राह्यले का तुमी? मंग माझ्या पोलक्याले हुकबी लावून द्या."

जिला रोज सगळे सांगतो तिला हे सांगता येईना.

कचेरीतही मी लांब अर्ज घेईनासा झालो. एक म्हातारी वारस नोंदीचा अर्ज लिहून घ्यायला आली. तिच्या सासऱ्याचा अर्ज माझ्या वडिलांनी लिहिला होता, म्हणून ती दुसऱ्या कोणाकडे जात नसे. मी तिला शेजारच्या लेखनिकाकडे पाठवले. ती जाताना म्हणाली, "बापा, माह्यं काही चुकलं का?" हे वाक्य मला त्या आठ दिवसांतल्या कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त लागले.

आठव्या दिवशी मी निर्णय केला. वडिलांचे झाले तसे माझे होऊ देणार नाही, शेरा येण्यापूर्वी आपणच जागा सोडू. मी साहेबांच्या नावे अर्ज लिहिला: 'उजव्या हातास कंप सुटल्याने लेखनकार्य यथायोग्य पार पाडणे शक्य नाही, सबब जागा स्वखुशीने सोडत आहे.' परंतु हात कापतो असे सांगणारा अर्ज त्याच हाताने लिहून देणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून तो टाइप करून घेण्यासाठी मी दुकानात गेलो.

बाईने कागद हातात घेतला. दोनदा वाचला.

"काका, हे कोनी लिहिलं?"

"मी."

"कई?"

"आज सकाळी."

"हे अक्षर तं छापल्यावानी हाये. याच्यात कंप कुठी हाये, मले दाखवा."

मी म्हणालो की डोळ्यांना दिसत नसेल, तुझ्या यंत्राला दिसतो. तिने पडद्यावर तो चौकोनांचा नमुना काढला, अर्ज माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "टाइप करून देतो. पण पह्यले माह्या चौकोनाचं पाहा. आठ दिवस झाले, काम अडून हाये."

आता एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. आमच्या घराण्यात हाताखाली कागद घेतल्याशिवाय कोणी लिहीत नाही. मुद्रांकाच्या कागदाला तळहाताचा घाम लागू नये म्हणून वडिलांनी घालून दिलेली ही रीत. एक कोरा ताव घडी करून मनगटाखाली सरकवायचा, आणि मगच ओळ सुरू करायची. चाळीस वर्षांत ही क्रिया माझ्या लक्षात येईनाशी झाली आहे. पहिल्या खेपेस टेबलावर सुटा कागद नव्हता. त्या दिवशी मात्र माझ्या डाव्या हाताने समोर दिसला तो कागद, म्हणजे माझाच राजीनाम्याचा अर्ज, उलटा करून उजव्या हाताखाली सरकवला. माऊस अर्थातच त्या कागदावर आला.

मी बाण चौकोनाच्या आरंभी नेला.

एकशे बारा. एकशे बारा. एकशे बारा.

मी पडद्याकडे पाहत राहिलो. वाटले, यंत्र बंद पडले. बाईही पाहत होती. ती हळूच म्हणाली, "काका, हात काढा."

मी हात काढला. एकशे बारा.

"आता कागद काढतो." तिने माऊस उचलला, कागद ओढून घेतला आणि माऊस नुसत्या काचेवर ठेवला. कोणाचाही हात त्याला लागलेला नव्हता. आकडे थरथरू लागले. एकशे नऊ, एकशे तेरा, एकशे दहा.

आम्ही दोघेही बराच वेळ त्या बिनहाताच्या कंपाकडे पाहत होतो.

मग ती स्वतःवरच चिडली. आत गोळी फिरून चालणारा जुना माऊस बिघडला म्हणून तिने पोळ्याच्या तोंडावर हा लाल दिव्याचा आणला होता. तो दिवा खालची जागा पाहून चालतो, आणि काचेवर त्याची नजर ठरत नाही. "मी तं दिवसभर टायपिंगच करतो, माऊस लागतेच किती. माह्या ध्यानातच नाई आलं. आन् तुमी हाताले बोल लावून बसले." तिने माझा अर्ज घडी करून माऊसखाली ठेवला आणि म्हणाली, "हा आता इथंच राहीन. साहेबाले नाई भेटत."

त्या दुपारी आम्ही सर्व चौकोन मोजले. एकाही आकड्यासाठी तिला पेन्सिल थांबवावी लागली नाही. मी तिला बाणाला 'कसर' का म्हणतात ते विचारले, तेव्हा शब्द 'कर्सर' आहे आणि ते बाणाचेच इंग्रजी नाव, हे सांगताना ती इतकी हसली की शिपाई पाहायला आला. त्याला मी चहा पाजला. त्याने त्यानंतर माझ्या हाताविषयी चकार शब्द काढला नाही.

घरी येऊन पत्नीला सगळे सांगितले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हन्जे पोलक्याचे हुक राह्यलेच." त्या संध्याकाळी मी तिचे चार हुक लावून दिले. एकही वाकडा नाही.

दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीच्या घरी स्वतः जाऊन तिचे वारस नोंदीचे काम परत मागून घेतले. शेजारच्या लेखनिकाने तो अर्ज तोवर सुरू केलेला नव्हता, हे माझे नशीब.

वडिलांचा हात खरोखर कापत होता. त्याला काच जबाबदार नव्हती, आणि त्याविषयी कोणाकडे दाद मागता येत नाही. परंतु त्यांनी दिलेल्या एका घडी केलेल्या कागदाने माझी जागा राखली, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

सबब माऊस बनवणाऱ्या मंडळींस विनंती की, डब्यात जी बारीक अक्षरांची चिठ्ठी येते तिच्यात मराठीत एक ओळ वाढवावी: 'काचेवर ठेवू नये. हाताखाली कागद घ्यावा.' या आशयाचे पत्र मी डब्यावरच्या पत्त्यावर रवाना केले आहे. उत्तर आलेले नाही. तरी उलट टपाली उत्तर मिळावे. माझा पत्ता पत्राच्या मागे आहे. तो वाचता येणार नाही अशी सबब चालणार नाही, कारण तो मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे.