दोन पडद्यांमधली जागा

दुयेतचं घर म्हणजे कान थो शहरातल्या गल्लीतला एक लांबलचक बोळच. पुढच्या खोलीत स्कूटर, पितरांचा देव्हारा आणि आता मिएनची खाट. लकव्यानं मिएनचं, त्याच्या बायकोचं, अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली, त्याला वर्ष होत आलं होतं.

आणि बायको तरी कशी? उभा जन्म दुयेतनं नदीकाठच्या गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळीच्या नावेवर कर्णे बांधण्यात घातला. मंडळीची गायिका क्वेन ही मिएनची थोरली बहीण. कपडेपट सांभाळायला आलेली ही धाकटी एवढी बडबडायची, की लोक म्हणायचे, "दुयेत, कर्णे कशाला बांधतोस? हिलाच डोलकाठीवर बसव!" ती आता नुसती छताकडे बघत पडायची. घरातली ती शांतता दुयेतला खायला उठायची.

क्वेन वारली, पण तिच्या गाण्याची टेप उरली होती. ती नीट ऐकवली तर मिएन एखादा शब्द तरी बोलेल, एवढ्या एकाच आशेवर त्यानं स्पीकरवाल्या टोआनला गाठलं. टोआननं स्पीकरच्या दोन जोड्या आणून टाकल्या. एक जाडजूड लाकडी खोक्यांची, दुसरी बिनखोक्याची, माणसाएवढ्या उंच, सपाट पडद्यांची, ज्यांत पडदाच वाजतो.

"एक जोडी आजच परत नेणार हं दादा. दोन्ही दडपायच्या नाहीत."

"आधी स्पीकर वाजव, मग तोंड वाजव."

खोकी वाजली. भरदार आवाज, फरशी घुमली. पण क्वेन आत कोंडल्यासारखी गात होती. मिएन छताकडेच.

मग पडदे. स्कूटर हलवायला नको म्हणून दुयेतनं ते भिंतीला टेकवले. आवाज शिळ्या भातासारखा फडफडीत.

"अहो, भिंतीला कसले टेकवता? ह्यांचा आवाज पुढे जातो तेवढाच मागेही जातो. मागे जागा सोडा."

"मग स्कूटर काय डोक्यावर घेऊ?"

शेवटी स्कूटर गल्लीत गेली आणि पडदे खोलीच्या मधोमध आले.

टेप सुरू झाली. आवाज पडद्यांतून येतच नव्हता. दोन पडद्यांमधल्या मोकळ्या जागेत जणू क्वेन उभी होती. तान घेण्याआधी तिनं भरलेला दमसुद्धा ऐकू आला.

मिएनची मान वळली.

"ताई?"

दुयेतनं धडपडत टेप मागे नेली. "बोल ग, बोल! आता मला हाक मार. एकदाच." टेप पुन्हा लागली. मिएन त्या मधल्या जागेकडेच बघत होती. "ताई..." पुन्हा लावली, तेव्हा ती कोपरावर उठली आणि अर्धी खाटेबाहेर आली. टोआननं झेप घालून सावरलं.

"बस करा दादा! वहिनींना वाटतंय खरीच बहीण आलीय. खोकी ठेवा. खोक्याला त्या खोकंच समजतात."

"खोकी ने."

"अहो, हे फसवणं झालं."

"झालं तर झालं. वर्षभर मी एकटाच बोलतोय या घरात, टोआन. मी म्हणतो आणि मीच ऐकतो. ने ती खोकी."

टोआन खोकी हातगाडीवर घालून गेला. दुयेत खाटेवर चढला, त्यानं मिएनला पाठीमागून गच्च कवटाळलं आणि पायाच्या अंगठ्यानं खाटेच्या पायथ्याशी ठेवलेल्या टेपचं बटण दाबलं.

"ताई, थांब ना," मिएन म्हणाली आणि चालत्या हातानं त्याची मिठी सोडवू लागली. तो सोडेना.