पहिल्या नंबरची तीन अक्षरं

त्या गेममध्ये होतं काय, सांगा बरं? खाली एक विमान, वरून रांगेनं उतरणारे किडे, एक दांडा, एक बटण. बस. किडे संपले की दुसरे येणार, तेही संपले की आणखी जोरात येणार, आणि शेवटी आपण मरणार हे पक्कं. तरी आज तो माझ्या मोबाइलवर आहे आणि पन्नाशी उलटलेला मी अर्धी दाढी तशीच ठेवून खेळत बसतो. बायको म्हणते, "अहो, लाज नाही वाटत?" वाटते ना. पण तिला वाटतं त्या गोष्टीची नाही.

आमचं शहर हिंदी मुलखातलं. तिथं राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका इमारतीत खाली व्हिडिओ गेमचा गाळा होता आणि वर टायपिंगचा क्लास. क्लासला माझी ताई जायची, दोन ते तीन. गाळ्यात मी जायचो, शाळा सुटल्यावर पाचला, अर्थात घरी चोरून. आमचे बाबा मिलच्या ऑफिसात कारकून. व्हिडिओ हा शब्द ऐकला तरी त्यांचं डोकं फिरायचं. ताईच्या क्लासलाही ते मुश्किलीनं राजी झाले होते. परीक्षा पास झाली तर नोकरी, नाही तर लग्न, असं त्यांनी तिला साफ सांगितलं होतं. ताईला नोकरी हवी होती. हवी म्हणजे किती, तर जेवताना ताटाच्या काठावरसुद्धा तिची बोटं टाइप करत असायची.

मशीनवर सगळ्यात जास्त पॉइंट करणाऱ्याला नाव टाकता यायचं, तीन इंग्रजी अक्षरांत. बाकीच्या पोरांना तीन अक्षरांत काय बसवावं हा प्रश्न पडायचा. आम्हा मराठी लोकांना कसला प्रश्न? एक स्वतःचं, एक वडिलांचं, एक आडनावाचं. एक दिवस पाचला गेलो तर पहिल्या नंबरवर माझीच तीन अक्षरं! मी दुसऱ्याच फेरीत मरणारा माणूस, चक्रावून गेलो. पण पोरं पाठीवर थापा मारायला लागली. (आमच्याकडे भैयाचं भिया होतं.) "क्या भिया, छुपे रुस्तम निकले!" मी म्हणायला हवं होतं, अरे, मी नाही. मी हसलो. नुसता हसलो आणि काम झालं.

दुकान बंद करताना मालक मेन स्विच पाडायचा, की सगळी नावं पुसली जायची. तरी दुसऱ्या दिवशी माझं नाव पुन्हा वर. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी शेवटचे तास बुडवून मी साडेतीनलाच पोचलो आणि दारावरच्या पडद्याच्या फटीतून पाहिलं. मालक काउंटरवर डोकं टेकून घोरत होता आणि मशीनसमोर आमची ताई! ओढणी कमरेला खोचलेली, चपला काढून बाजूला. काय खेळत होती हो! नजर किड्यांवर नाही, ते जिथं येणार तिथं. घरी मान वर न करणारी माझी बहीण मोठ्यानं म्हणत होती, "ये, ये, ये की मेल्या!" तिचं आणि माझं पहिलं अक्षर एकच, हा उजेड माझ्या डोक्यात तेव्हा पडला. मी पाय न वाजवता मागे फिरलो आणि पाचला पुन्हा येऊन शाबासकी घेतली.

पुढे महिनाभर घेतली. कुणी खेळून दाखव म्हटलं की बोट दुखतंय म्हणायचो.

मग एका संध्याकाळी बाबांबरोबर भाजीची पिशवी घेऊन कृष्णपुऱ्याच्या पुलावरून येत होतो. सायकलवरून एक पोरगा ओरडला, "भिया, आज भी एक नंबर पे तुम्हारा ही नाम!" बाबा खूश. "कशात पहिला आलास रे? गणितात?" मी पिशवीतली भाजी सारखी करायला लागलो. त्यांनी पोरालाच थांबवून विचारलं. "व्हिडिओ गेम की मशीन पे, अंकल! रोज सबसे ऊपर," ते गाढव अभिमानानं म्हणालं आणि पॅडल मारून गेलं.

बाबांनी मला दंडाला धरून घरी आणलं. दार लावून त्यांनी पायातली चप्पल हातात घेतली आणि माझी पार टरकली.

"मी नाही, बाबा! शप्पथ, मी नाही! ते नाव साडेतीनला लागतं, तेव्हा मी शाळेत असतो. ताईची पण अक्षरं तीच आहेत, तिला विचारा!"

महिनाभर जे नाव माझं होतं, ते चप्पल दिसताच तिचं झालं.

बाबांचा हात थांबला. "साडेतीनला लागतं हे तुला रे काय ठाऊक?"

ताई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मीच सांगितलं त्याला," ती म्हणाली. "मी जाते तिथं. तो कधीच गेला नाही. तुम्हाला सांगणाऱ्याचा काहीतरी घोटाळा झालाय."

"खरं का रे?" बाबांनी मला विचारलं.

मी मान हलवली. लगेच.

क्लास त्याच दिवशी बंद झाला. परीक्षेला बारा दिवस उरले होते. आई म्हणाली, निदान परीक्षा तरी देऊ द्या. बाबा म्हणाले, बस झाले हिचे धंदे. ताई रडली नाही, मला काही बोललीही नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मानपुरला गेली. माणसं चांगली आहेत, हायवेवर दुकान आहे, मी नावं ठेवत नाही. पण तिला नोकरी हवी होती आणि ती तिला लागली असती. माझ्यामुळे नाही लागली. हे मी आजवर तिच्यासमोर एकदाही बोललो नाही, दर भाऊबीजेला ओवाळून घेतो मात्र.

आणि ऐका, एवढ्यावर थांबलो नाही मी. दुसऱ्याच दिवशी पाचला पुन्हा गाळ्यात हजर! वर भलत्याच कुणाची अक्षरं होती. पोरांनी विचारलं, "क्या हुआ भिया, आज नाम नहीं?"

"छोड़ दिया यार," मी म्हणालो. "बोर्ड का साल है."

पोरं हळहळली. एकानं तर माझा हात हातात घेऊन दाबला, म्हणाला, बहुत बड़ी बात है भिया, सबके बस की नहीं. मी तो हात दाबू दिला.