चष्मा लावला की जयेश बोलतो

लाइट गेली की आमच्या कॉम्प्युटर क्लासात किस्से निघतात, आणि मुरबाडात लाइट काय, जातच असते! त्यामुळे साठा भरपूर. त्यातले निम्मे एकट्या जयेशचे. जयेश म्हणजे आमच्याकडे मशिनं दुरुस्त करणारा. वय तिशीला टेकलेलं, स्वभावाने सोनं, पण अनोळखी माणूस समोर आला की छातीत धडधड आणि तोंडाला कुलूप! क्लास माझा, म्हणून मला ताई म्हणतो. तेही खाली बघून.

*

तो धसईच्या जीपने घरी जातो. मध्ये उतरायचं तर ड्रायव्हरला हाक मारावी लागते. ह्याला ती जमेल तर शपथ! त्याच्या फाट्यावर दुसरं कुणी उतरलं तर हा उतरणार. नाहीतर थेट धसईला जाऊन चालत मागे येणार.

"अरे, 'थांबव' म्हणायला काय जातं तुझं?" मी ओरडले.

"सगळे वळून बघतात ना ताई," म्हणतो!

*

लग्नाचं तर विचारूच नका. दोन ठिकाणी मुलगी बघायला गेला. दोन्हीकडे पोहे खाल्ले, पाणी प्यायला आणि घरी आला. दुसरीकडून निरोप आला, "पोरगा चांगला हाय, पन मुका हाय ते आदी सांगायचं ना!"

आम्ही हसलो. पण त्याची आई क्लासात येऊन रडली. "एकुलता एक हाय गो. माज्या मागं याच्याशी बोलंल कोन?" मला फार वाईट वाटलं तेव्हा.

*

मग माझ्या भावाने त्याचा जुना व्हीआर हेडसेट क्लासला दिला. आम्ही त्याला चष्माच म्हणतो. तो डोळ्यांवर चढवला की आपण एका कार्टूनच्या हॉलमध्ये! तिथे कुणी ससा, कुणी रोबो, खरा चेहरा कुणालाच दिसत नाही, पण आत खरी माणसं, गावोगावची, गप्पा मारत असतात. जयेश झाला अस्वल. रोज काम संपलं की चष्मा.

काही दिवसांनी विचारलं, "कुणाशी बोललास का रे?"

"नाय. कोपऱ्यात उबा व्हतो."

अरे देवा! अस्वल होऊनही कोपराच!

*

आणि एका संध्याकाळी आतल्या खोलीतून खणखणीत आवाज, "या ना भाऊ आमच्या म्हसा गावच्या जत्रेला! आमच्याकडंच उतरा, बैल दाखवतो!"

मला वाटलं गिऱ्हाईक आलंय. बघते तर जयेश एकटाच, चष्मा लावून नागपूरच्या एका सशाला आमंत्रण देतोय! मी दारातच थांबले. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

*

आमच्या शेजारी कमळमावशींची चहाची टपरी. त्या चहा घेऊन आल्या, तर जयेश भिंतीशी हातवारे करून बोलतोय, रिकाम्या खुर्चीला "बसा ना, बसा" म्हणतोय! मावशी चहा ठेवून तशाच पळाल्या. परत आल्या त्या मीठ-मिरच्या आणि पेटता निखारा घेऊन. ह्याच्यावरून उतरवून टाकल्या निखाऱ्यावर!

"भाऊ, एक मिनिट," जयेश खोकत सशाला म्हणाला, "आमच्याकडं कायतरी जळतंय."

जयेश बोलायला लागला तो दृष्ट काढल्यामुळे, असं मावशी आजही गिऱ्हाइकांना सांगतात.

*

तिसरं स्थळ शहापूरकडचं निघालं. मुलगी अश्विनी. जयेश म्हणाला, "ताई, तुमी पन चला. आता नाय जमलं तर परत कुटं जायचं नाय मला."

तो, त्याची आई आणि मी गेलो. पोहे आले. जयेश जमिनीकडे बघतोय, अश्विनी ट्रेकडे. तिची आई ओशाळून म्हणाली, "हिला लोकांसमोर बोलायला जमत नाय. मागं दोन जन आले, त्यांना नावसुदा नाय सांगितलं हिनं." शेवटी तिचा मामा म्हणाला, "जा, मागल्या दारी बसून बोला दोघं."

बराच वेळ झाला. मामा डोकावून आला तो चेहरा पाडूनच.

"तोंडं फिरवून बसलेत. एकाचं इकडं, एकाचं तिकडं! ऱ्हाऊ द्या."

जयेशची आई उठली, चपला घालायला लागली. मी त्याला बोलवायला मागे गेले. ओट्यावर खरंच दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

"जयेश, निघायचं ना रे?"

तो काही बोलायच्या आत ती पोरगी, मागे वळूनसुद्धा न बघता, केवढ्यांदा ओरडली, "आई, आजून चहा ठेव गो! यांचं सांगून नाय झालं, माजं तर आजून सगळंच ऱ्हायलंय!"

स्वयंपाकघरातून तिची आई धावतच दारात आली.

"अगो बाई, ही आमची अश्विनी ओरडली?"